कमी खर्चात शाळेत जागतिक प्रश्न कसे शिकवता येतील?

तुम्ही विचारलंय की शाळेकडे वेगळा निधी नाही, संगणकही मोजकेच आहेत, तरी हवामानबदल, विषमता, युद्धं, निर्वासित हे विषय मुलांपर्यंत पोहोचवायचेत, तर काय करता येईल. मी भूगोल शिकवतो आणि अशाच मर्यादांत हे करत आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कशावर पैसे घालवू नयेत ते सांगतो. रंगीत तक्त्यांचे तयार संच आणि बाहेरच्या कोणाची एका दिवसाची कार्यशाळा, या दोन गोष्टींवर शाळांचा खर्च होतो आणि मुलांच्या डोक्यात त्यातलं फार थोडं उरतं. जागतिक दिन साजरे करण्याचंही तसंच. सकाळी घोषवाक्यं, दुपारी भाषणं, दुसऱ्या दिवशी नेहमीचा धडा. माझं स्पष्ट मत आहे की या विषयांना स्वतंत्र तासही नको. गणित, भूगोल, विज्ञान, इतिहास, भाषा यांच्या तासांत ते मिसळले तरच टिकतात. त्यासाठी लागते ती शिक्षकांची तयारी. महिन्यातून एकदा सगळ्या विषयांच्या शिक्षकांना तासभर एकत्र बसू द्या, एवढं मुख्याध्यापकांकडून मागून घ्या.

आता माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त परिणाम करणारी कृती. लागतात फक्त खडू आणि कागदाच्या १०० चिठ्ठ्या. ४० मुलांचा वर्ग म्हणजे सगळं जग असं धरायचं आणि जमिनीवर खडूने खंड आखायचे. लोकसंख्येच्या प्रमाणात आशियात २४ मुलं उभी राहतात, आफ्रिकेत ७, युरोपात ४, लॅटिन अमेरिकेत ३ आणि उत्तर अमेरिकेत २. ओशनियाची लोकसंख्या इतकी कमी की ४० जणांत तिथे एकही मूल येत नाही. आशियातली दाटी पाहून मुलं आधी हसतात, मग मोजायला लागतात. टक्केवारीचं गणित एरवी ज्यांना नकोसं वाटतं तीही हिशोब तपासून बघतात.

मग चिठ्ठ्या काढायच्या. या १०० चिठ्ठ्या म्हणजे जगातली सगळी संपत्ती. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार सर्वांत श्रीमंत १० टक्के लोकांकडे ७६ टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून जेमतेम २ टक्के. म्हणजे ४ मुलांच्या हातात ७६ चिठ्ठ्या, मधल्या १६ जणांत २२ आणि उरलेल्या २० जणांत मिळून दोन. कोण कुठल्या गटात जाईल ते सोडत काढूनच ठरवा. कुठल्याही मुलाच्या घरच्या परिस्थितीशी त्याचा दुरूनही संबंध लागता कामा नये.

यानंतर शिक्षकाने गप्प राहायचं. दोन चिठ्ठ्या वीस जणांत कशा वाटायच्या यावर चर्चा सुरू होते आणि कोणीतरी चिठ्ठी फाडायला घेतंच. मग प्रश्न येतात: त्या चौघांना एवढ्या मिळाल्या कशा? त्यांनी जास्त काम केलं का? आधीपासून त्यांच्या घरात होत्या का? आम्हाला परत मिळू शकतात का? या एकेका प्रश्नात इतिहासाचा, अर्थशास्त्राचा, नागरिकशास्त्राचा धडा आहे. सगळी उत्तरं त्याच तासाला देऊ नका. प्रश्न फळ्यावर लिहून ठेवा आणि ज्या त्या विषयाच्या शिक्षकांकडे सोपवा.

संयुक्त राष्ट्रांबद्दल शिकवायचं असेल तर १५ मुलांची सुरक्षा परिषद बसवा. खऱ्या परिषदेतही १५च सदस्य असतात. महत्त्वाच्या ठरावाला किमान ९ मतं लागतात, पण अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन आणि फ्रान्स या ५ कायम सदस्यांपैकी एकानेही विरोध केला तर ठराव पडतो. १४ हात वर आणि एक विरोधात, एवढ्याने ठराव फेटाळला गेला की वर्गात जो गदारोळ होतो तो पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने कधीच होणार नाही. १९४५ साली हा नियम का केला, हे त्यानंतर सांगितलं तर मुलं कान देऊन ऐकतात.

नकाशाचाही उपयोग करा. १५६९ च्या मर्केटर प्रक्षेपणावर (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायची एक पद्धत) आधारलेला नकाशा भिंतीवर असेल तर त्यात ग्रीनलंड जवळजवळ आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे १४ पट मोठी आहे. शेजारी पृथ्वीगोल ठेवा आणि मुलांनाच फरक शोधू द्या.

एखादाच संगणक असला तरी भागतं. गॅपमाइंडर या संस्थेच्या डॉलर स्ट्रीट या संकेतस्थळावर अनेक देशांतल्या शेकडो कुटुंबांच्या घरांचे फोटो उत्पन्नाच्या क्रमाने लावलेत: चूल, अंथरूण, दात घासायचा ब्रश, खेळणी. ते मोफत वापरता येतात, छापून भिंतीवरही लावता येतात. वेगवेगळ्या खंडांतल्या, पण सारख्याच उत्पन्नाच्या घरांची स्वयंपाकघरं शेजारी शेजारी लावून बघा. ती एकमेकांसारखी निघाली की ‘ते लोक तसेच असतात’ हे वाक्य आपोआप मागे पडतं. आकडेवारीसाठी अवर वर्ल्ड इन डेटा हे संकेतस्थळ आहे. इंटरनेटचा भरवसा नसेल तर किविक्स हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात विकिपीडिया एकदा उतरवून घेतला की पुढे जोडणीशिवाय वाचता येतो.

निर्वासितांच्या विषयात एक सावधगिरी. ‘पाच मिनिटांत घर सोडा, पिशवीत काय घ्याल’ अशा नाटुकल्या मला पटत नाहीत. वर्गातल्या एखाद्या मुलाने ते खरोखर भोगलेलं असू शकतं, आणि बाकीच्यांसाठी तो खेळ होऊन बसतो. त्यापेक्षा साधी माहिती द्या: घर सोडावं लागलेल्यांपैकी बहुतेक जण स्वतःच्याच देशात दुसरीकडे राहतात. सीमा ओलांडणाऱ्यांतलेही पुष्कळ जण शेजारच्या देशात थांबतात. मुलांना हे बहुधा ठाऊक नसतं.

आणि सुटलेले प्रश्नही शिकवा, हे मी अगदी आग्रहाने सांगेन. सतत संकटंच ऐकून मुलं हताश होतात आणि मग विषयाकडे पाठ फिरवतात. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र १९८५ मध्ये जगासमोर आलं आणि दोनच वर्षांत, १९८७ मध्ये, ओझोनला घातक रसायनांना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. आज संयुक्त राष्ट्रांचा प्रत्येक सदस्य देश त्यात आहे आणि ओझोनचा थर सावरतोय. देवी रोगाचं उच्चाटन झाल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं. शीतयुद्ध चालू असताना अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही त्या मोहिमेत हातभार लावला होता. हवामानबदलाच्या धड्यानंतर लगेच ओझोनचा धडा घेतला तर चर्चा ‘आता काहीच होणार नाही’ वरून ‘तेव्हा काय जमलं आणि आता कुठे अडतंय’ इथे येते.

शेवटची सूचना, दूरच्या एखाद्या शाळेशी जोडून घ्या. नुसत्या ओळखीच्या पत्रांचा उत्साह लवकर ओसरतो, म्हणून दोघांना मिळून करायचं काम द्या. एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात केलेला प्रयोग यासाठी उत्तम आहे. दोन्ही शाळांनी एकाच दिवशी एक मीटरची काठी सपाट जमिनीवर सरळ उभी करायची, सूर्य सर्वांत वर असताना पडणारी सगळ्यात आखूड सावली मोजायची आणि त्यावरून सूर्यकिरणांचा कोन काढायचा. दोन कोनांतला फरक आणि दोन गावांमधलं उत्तर-दक्षिण अंतर मिळालं की पृथ्वीचा परीघ काढता येतो. खरा आकडा साधारण ४०,००० किलोमीटर आहे. दोन्ही शाळा एकमेकींपासून उत्तर-दक्षिण दिशेने जितक्या लांब तितकं उत्तर नेमकं येतं. इथे दुसऱ्या शाळेच्या मोजमापाशिवाय कोणाचंच उत्तर निघत नाही, आणि काम संपल्यावर पाऊस, पाणी, उन्हाळा यांच्या नोंदींची देवाणघेवाण त्याच ओळखीवर पुढे चालू ठेवता येते. सगळा पत्रव्यवहार मात्र शिक्षकांच्या ईमेलवरूनच करा, मुलांचे खासगी नंबर देऊ-घेऊ नका.