सिंगापूरहून क्रूझने पेनांगला एकच दिवस मिळतोय, बोटीवरची टूर घ्यावी की स्वतः फिरावं?

स्वतः फिरा, आरामात जमतं. पेनांगला बोट स्वेटेनहॅम पिअरला लागते आणि जॉर्जटाऊन, म्हणजे पेनांगचं मुख्य शहर, तिथून चालत जाण्याइतकं जवळ आहे, त्यामुळे टूरच्या बसची गरजच नाही. गेटबाहेर टॅक्सीवाले गराडा घालतात, त्यांना हसून नाही म्हणायचं आणि टॅक्सी मागवायचं ग्रॅब अ‍ॅप आधीच टाकून ठेवायचं.

सकाळी ऊन चढायच्या आत च्यू जेट्टी बघून घ्या, समुद्रात खांबांवर उभी असलेली चिनी कुटुंबांची लाकडी घरं आहेत, लोक अजून राहतात तिथे म्हणून खिडकीत कॅमेरा घालू नका. मग आर्मेनियन स्ट्रीटवर ते सायकलवरच्या दोन पोरांचं चित्र, सायकल खरी, भिंतीत बसवलेली, फोटोला रांग असते. जेवायला लिटल इंडिया, केळीच्या पानावर भात-सांबार मिळतं, शाकाहारींची चिंता मिटली. आणि चेंडोल खाच, किसलेला बर्फ, नारळाचं दूध, गूळ आणि हिरव्या शेवया, आपल्या फालुद्याचा चुलतभाऊच, फक्त वर राजमा दिसला की दचकू नका 😄

पेनांग हिलवर दोराने ओढत नेणारी फ्युनिक्युलर ट्रेन छान आहे पण शनिवार-रविवारी रांगेत अर्धा दिवस जाऊ शकतो, बोट संध्याकाळी सुटणार असेल तर मी तरी सोडून देईन.

एक मात्र लक्षात ठेवा, बोटीच्या टूरला उशीर झाला तर बोट सहसा थांबते, तुमच्यासाठी थांबणार नाही. तेव्हा ऑल अबोर्डच्या, म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परतायच्या ठरलेल्या वेळेच्या, तासभर आधी पिअरवर या.