रिपोर्ट नॉर्मल, तरी आवाज बसतो

नाटकातली मुलं हे सारखं विचारतात, दुसऱ्या अंकापर्यंत आवाज बसतो, मान दगडासारखी होते, घशाचे डॉक्टर म्हणतात काही नाहीये, मग माझीच मेहनत कमी पडतेय का? मी अलेक्झांडर टेक्निक शिकवते, म्हणजे नकळत धरलेला ताण ओळखून सोडायला. (आवाज दोनतीन आठवडे बसलेलाच असेल तर आधी डॉक्टर, मग मी.) एका मुलीचं सांगते, तिला विचारूनच, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

डोंबिवलीची, रविवारी दुपारी दादर आणि रात्री ठाणे असे डबल प्रयोग. लहानपणापासून "पोक काढू नकोस" ऐकलेलं, त्यामुळे माझ्यासमोर बसली तीसुद्धा सावधानमध्ये. आवाजाचा विषयच काढला नाही मी. म्हटलं, डोकं मानेवर कुठे टेकतं, बोट लाव बघू. तिने मानेच्या बुडाशी वर आलेलं हाड दाखवलं. बहुतेक सगळे तेच दाखवतात! सांधा खरा कितीतरी वर असतो, साधारण दोन कानांच्या मध्ये, तिथे साडेचार-पाच किलोचं डोकं तोललेलं असतं आणि ही ते खालून आवळून धरत होती.

मग मोबाईलवर बाजूने शूट केलं. वाक्य सुरू व्हायच्या आधीच डोकं मागे, हनुवटी वर आणि तोंडाने फस्सकन श्वास. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं, "ताई, इतकी वर्षं मी हे करतेय?" तेव्हा तिला ही पद्धत काढणाऱ्या एफ. एम. अलेक्झांडरचं सांगितलं, १८६९ मध्ये टास्मानियात जन्मलेला, स्टेजवर पठण करायचा, त्याचाही आवाज जायचा आणि औषधांनी तेवढ्यापुरतंच बरं वाटायचं, शेवटी आरशात बघून बघून त्याला नेमकं हेच दिसलं.

तिला दिलेलं काम एवढंच, वाक्य बोलायचं ठरव आणि बोलू नकोस. मान खेचली जाते तो क्षण पकड, सोडून दे, मग वाटलं तर बोल. तिला हे पाठांतरापेक्षा अवघड गेलं, कारण ती लगेच डोकं "नीट" धरायला जायची आणि तोही ताणच की. घरी रोज पंधरा मिनिटं चटईवर उताणं, गुडघे उभे, डोक्याखाली दोनतीन पुस्तकं. आई विचारायची, दुपारची काय झोपतेस?

चारेक महिने गेले. डबल प्रयोगाला आवाज अजून कधी कधी बसतो, पण मान दुखत नाही. परवा मेसेज आला, "ताई, आज कुर्ल्याला गर्दी चढली तेव्हा मान खेचलेली कळली, आणि सोडलीपण."