‘द बॉय अँड द बीस्ट’मधला कुमातेत्सू गुरू म्हणायचा की बाप?

सुरुवातीला दोन्ही नाही. जपानी दिग्दर्शक मामोरू होसोदाच्या २०१५च्या या अ‍ॅनिमेशन सिनेमात कुमातेत्सू या अस्वलासारख्या प्राण्याला जुतेंगाई या प्राण्यांच्या नगरीचा प्रमुख व्हायचंय आणि त्यासाठी शिष्य हवा, ही अट. म्हणून टोकियोतल्या शिबुयाच्या रस्त्यावर भटकणारा नऊ वर्षांचा रेन तो गळाला लावतो. शिकवणं म्हणजे नुसती आरडाओरड. ‘मनात तलवार धर’ म्हणे! त्यालाच कधी कुणी शिकवलेलं नाही, मग तो सांगणार काय?

खरी गंमत पुढे आहे. पोरगा त्याचं ऐकणं सोडून त्याच्या पावलांची नक्कल करायला लागतो आणि हळूहळू त्याची पुढची हालचाल आधीच ओळखतो. मग गुरुजीच शिष्याकडून शिकायला बसतात, तेही भांडत भांडत. बापपण या भांडणातूनच येतं, असं मला वाटतं.

कुमातेत्सूसमोर त्याचा प्रतिस्पर्धी इओझेन ठेवून बघा. सभ्य, लोकप्रिय, आदर्श बाप. पण दत्तक घेतलेला इचिरोहिको माणसाचा मुलगा आहे, हे तो त्याच्यापासूनच लपवतो. पुढचा सगळा अनर्थ तिथून सुरू होतो.

रेनचे खरे वडील मला जरा उपेक्षित वाटले. माणूस वाईट नाही. पण इतक्या वर्षांनी भेटल्यावर मधली वर्षं विसरून नव्याने सुरुवात करू म्हणतो, आणि रेन भडकतो. साहजिकच आहे, त्याच वर्षांत तर त्याला कुमातेत्सूने वाढवलेलं असतं.