फीबद्दल विचारलं तर शाळा राग मुलीवर काढेल का?

मुलुंडचं एक जोडपं आमच्याकडे सल्ल्याला आलं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). मुलगी तिसरीत, शाळा विनाअनुदानित. वर्षाची फी 88,000 वरून थेट 1,06,000. बाबांनी पहिला हप्ता अडवून धरलेला, तर आईच्या पोटात गोळा: "आपण भांडायचं आणि बाईंनी राग हिच्यावर काढायचा." मुलगी जेवताना विचारू लागली होती, "मला शाळेतून काढणार का?"

आधी मुलीचं. फीची वादावादी तिच्यासमोर बंद. आठवीपर्यंत शाळा मुलाला काढून टाकू शकत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16 आहे, हे कळल्यावर आईचा जीव जरा भांड्यात पडला.

हप्ता अडवणं मात्र अंगाशी येतं. वाद फीवाढीचा न राहता थकबाकीचा होतो, आणि मग बाकीचे पालक हळूच बाजूला होतात.

बाबांचा ठाम समज होता की 15 टक्क्यांवरची वाढ बेकायदा. पालकांच्या ग्रुपवर हे इतकं फिरतं की खरंच वाटावं. राज्याच्या 2011च्या शुल्क विनियमन कायद्यात 15 टक्के आहेत, पण ते वाढीवर नाहीत. व्यवस्थापनाने वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा. समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे. व्यवस्थापनाचा आकडा आणि समितीचा आकडा यांत 15 टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातं. एकदा मंजूर झालेली फी दोन वर्षं बांधील. 2018च्या दुरुस्तीनंतर पालकांनाही तिथे जाता येतं, पण 25 टक्के पालक एकत्र आले तर. एकट्यादुकट्याला हे दार बंदच, आणि आमच्या मते कायद्याची हीच लंगडी बाजू आहे.

म्हणून पत्र आठ-दहा पालकांच्या सह्यांनी, मुख्याध्यापकांच्या नावे, पोच घेऊन. आरोप एकही नाही, फक्त विचारणा: समितीच्या चिठ्ठ्या कधी काढल्या, सदस्य कोण, फीच्या ठरावाची प्रत मिळेल का. सह्या अनेकांच्या असल्या की एकाच मुलीकडे बोट दाखवता येत नाही.

सोबत पावत्या नीट पाहायला सांगितल्या. तिथेच मेख होती. ट्यूशन फी आणि टर्म फी ट्रस्टच्या नावावर, पण 'अ‍ॅक्टिव्हिटी'चे 9,000 भलत्याच कंपनीच्या पावतीवर. शाळा ट्रस्टची आणि इमारत, उपक्रम, गणवेश वेगळ्याच कंपन्यांचे, अशी रचना मुंबईत नवी नाही. ट्रस्टला नफा वाटून घेता येत नाही, पैसा भाड्याच्या आणि सेवेच्या बिलांतून बाहेर जाऊ शकतो.

ठरावाची प्रत आली. त्यात हे 9,000 नव्हतेच. शाळेने ते ऐच्छिक केले. उरलेली वाढ समितीने रीतसर मंजूर केलेली होती, ती भरावी लागली. पुढच्या चिठ्ठ्यांसाठी आईने नाव दिलं आहे.