इंग्रजी वाक्यात इन, ऑन, ॲट आणि अ, ॲन, द कुठे वापरावेत?

आपल्या प्रश्नातील खरी अडचण अशी आहे की मराठीतील एकच प्रत्यय इंग्रजीत वेगवेगळ्या शब्दांची जागा घेतो. आपण 'कॉलेज रोडवर' आणि 'स्टेशनवर' असे सारख्याच पद्धतीने म्हणतो, परंतु इंग्रजीत रस्ता ही रेषा मानली जात असल्यामुळे 'ऑन कॉलेज रोड', भेटण्याचे ठिकाण हा बिंदू मानला जात असल्यामुळे 'ॲट नाशिक रोड स्टेशन' आणि शहर हा विस्तार असल्यामुळे 'इन नाशिक' असे लिहावे लागते. काही क्रियापदांपुढे तर शब्दयोगी अव्यय येतच नाही. 'विषयावर चर्चा केली' या रचनेच्या प्रभावामुळे 'डिस्कस'पुढे 'अबाउट' जोडले जाते, ते चुकीचे आहे.

अ आणि ॲन यांची निवड पुढच्या शब्दाच्या उच्चारावरून करावी, स्पेलिंगवरून नव्हे. म्हणून उच्चार 'य' या व्यंजनाने सुरू होत असल्यामुळे 'अ युनिव्हर्सिटी' बरोबर, परंतु नाशिकच्या मुक्त विद्यापीठाबद्दल लिहिताना पुढचा शब्द 'ओ' या स्वराने सुरू होत असल्यामुळे 'ॲन ओपन युनिव्हर्सिटी' असे होईल.

'द'चा वापर मात्र काहीसा लहरी वाटतो. नदीच्या नावाआधी तो येतो, म्हणून 'द गोदावरी'. शहराच्या किंवा एकट्या शिखराच्या नावाआधी तो सहसा येत नाही, म्हणून नुसते 'नाशिक' आणि 'ब्रह्मगिरी'. सामान्य नामाचा पहिला उल्लेख 'अ टेम्पल' असा केला, तर त्याच मंदिराविषयीच्या पुढच्या वाक्यात 'द टेम्पल' लिहावे.