टाइप करणारीचं मत

भांडुपहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी यंदा बारावी कॉमर्सला ७८ टक्के मिळवून पास झाली. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे आठवीपासून तिची नजर कमी होत गेली. आता उजेड आणि मोठे आकार तेवढे कळतात. वडिलांचं ठरलंय: घरबसल्या ऑनलाइन बी.कॉम., मग बँकेची परीक्षा. ‘लोकलच्या गर्दीत तिला पाठवायची आमची हिंमत नाही. ऑनलाइन कोर्स तिच्यासारख्यांसाठीच असतात. कोणतं विद्यापीठ चांगलं, तेवढं सांगा.’ एक तक्रारही आहे: ती रात्री जागून वेगवेगळ्या वेबसाइटवाल्यांना ‘तुमच्या बटणांना नावं नाहीत’ अशा ईमेल पाठवत बसते, त्याबद्दल तिला समजवा. शेवटी लिहिलंय, ‘मी सांगितलं, मुलीने टाइप केलं.’ आणि त्याच्याही खाली एक ओळ: ‘टाइप करणारीचं मत वेगळं आहे. विचारलेलं नाही.’

नमस्कार.

तुम्ही विचारलंय विद्यापीठाबद्दल, पण मी त्या शेवटच्या ओळीपाशीच अडकले. दोन पानी मराठी पत्र, शुद्धलेखनाची एक चूक नाही. ‘ती कायमची परावलंबी आहे’ हे वाक्यही त्यात आहे. ते तुम्ही तिच्याशेजारी बसून सांगितलंत आणि तिने निमूटपणे टाइप केलं. पूर्णविरामासकट. मी या कामात बरीच वर्षं आहे, पण हे वाचून खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आले.

तुमची भीती खोटी नाही. सकाळी साडेआठला भांडुपच्या फलाटावर डोळस माणूसही देवाचं नाव घेतो. पण भीती तुमची आणि किंमत तिने मोजायची, असा हा व्यवहार चाललाय. समजा तीन वर्षं घरात बसून तिने पदवी घेतली, बँकेची परीक्षाही काढली. शाखेत जायला घराबाहेर पडावं लागेलच ना? तेव्हा लोकल काय रिकामी धावणार आहे? फरक एवढाच, की अठराव्या वर्षी मैत्रिणींबरोबर जे शिकता आलं असतं ते एकविसाव्या वर्षी एकटीने शिकावं लागेल.

आता ‘ऑनलाइन कोर्स तिच्यासारख्यांसाठीच’ या वाक्याकडे येते. नाही हो. जिना चढावा लागत नाही म्हणजे अडथळा नाही, असं आपण धरून चालतो. तुमची मुलगी संगणक वापरते तो स्क्रीन रीडरवर. तो पडद्यावरची अक्षरं बघत नाही, त्यामागचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. प्राध्यापकांनी वहीच्या पानांचे फोटो काढून पीडीएफ टाकली, की तिला पान कोरं. मराठी नोट्स जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असल्या तर अजून गंमत: तुम्हाला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसतं, पण आत भलतीच अक्षरं आणि चिन्हं असतात, यंत्र तिला ते अगम्य बडबडून दाखवतं. व्हिडिओत सर म्हणतात, ‘हे बघा, हा वक्र इथून असा खाली येतो.’ कुठून? कसा? जोड्या लावायच्या त्या माउसने ओढून, आणि ती तर कीबोर्डवरच सगळं करते. कर्णबधिर मुलांचं दुखणं निराळं, त्यांना व्हिडिओखाली अक्षरं हवीत आणि ती यंत्राने टाकलेली असली तर नेमके विषयातले शब्दच चुकतात. हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने २०१७मध्ये २०,०००हून अधिक फुकट व्याख्यानं लोकांसाठी बंद केली, कारण ती दिव्यांगांना वापरता येत नसल्याचा ठपका सरकारने ठेवला होता आणि दुरुस्तीपेक्षा काढून टाकणं त्यांना परवडलं.

माझ्याकडे आलेल्या एका दृष्टिहीन मुलाची गोष्ट सांगते. एका खासगी विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीची दोन सत्रांची फी भरून झाली होती. परीक्षेच्या दिवशी देखरेखीच्या सॉफ्टवेअरने त्याचा स्क्रीन रीडर बंद पाडला, आणि वर ‘पडद्याकडे बघत नाही’ म्हणून कॉपीचा संशय घेतला. पडद्याकडे!

तरी ऑनलाइनच घ्यायचं असेल तर फी भरण्याआधी एक दुपार द्या. माउस काढून ठेवा, तुम्ही खोलीबाहेर बसा. तिने एकटीने लॉगिन करावं, एक व्याख्यान ऐकावं, एक पीडीएफ वाचावी, एक सराव चाचणी सोडवून जमा करावी. मग विद्यापीठाला लेखी विचारा: परीक्षेत स्क्रीन रीडर चालतो का, लेखनिक मिळतो का, केंद्राच्या सूचनांप्रमाणे तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ देता का? ‘आमचं पोर्टल सर्वांसाठी खुलं आहे’ असं उत्तर आलं तर समजा, त्यांना प्रश्नच कळलेला नाही. पदवी यूजीसीने मान्य केलेली आहे ना, तेही बघा; मान्य असली तर ती नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते.

माझं मत मात्र स्पष्ट आहे: तिला कॉलेजात पाठवा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी ते काढा. धोबी तलावला झेवियर्स कॉलेजात २००३पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र आहे. प्रवेश दुसरीकडे घेतलात तरी एकदा तिथे जाऊन या. पांढरी काठी घेऊन चालायचं प्रशिक्षण कुठे मिळेल, ते वरळीच्या नॅबमध्ये (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) विचारा. हे आधी, कॉलेज सुरू व्हायच्या आत. मग एखाद्या रविवारी दुपारी दिव्यांगांच्या डब्यातून भांडुप ते सीएसएमटी. पहिल्यांदा तुम्ही सोबत, दुसऱ्यांदा मागच्या डब्यात, तिसऱ्यांदा घरी. तिसरी वेळ तुम्हालाच जड जाईल.

बँकेबद्दल फार लिहीत नाही. सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी असलेल्यांचा. परीक्षेची तयारी पदवीच्या शेवटच्या वर्षाला सुरू केली तरी चालते.

आणि त्या ईमेल. तुम्ही मला तिला समजवायला सांगितलंत; मी तुम्हालाच समजावते. ती रात्री जागून फुकट जे करते, त्याला बाहेर ॲक्सेसिबिलिटी टेस्टिंग म्हणतात, म्हणजे वेबसाइट दिव्यांगांना वापरता येते का याची तपासणी, आणि कंपन्या त्यासाठी माणसं ठेवतात. ३० एप्रिल २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ऑनलाइन ओळख पटवण्याच्या, प्रकरणात निकाल दिला, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. म्हणजे बँकांना आपली ॲप तपासून घ्यावी लागणार. शिकवणी देणाऱ्या पोर्टलांनाही आज ना उद्या. नोकऱ्या ढिगाने पडल्यात असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. नुसतं ‘वाचता येत नाही’ म्हणून भागत नाही. कुठे बिघडलंय आणि कसं दुरुस्त करायचं, हे सांगता यावं लागतं. त्यासाठी वेबपानं ज्यात लिहितात ती एचटीएमएल आणि वेबसाइट सुगम करण्याचे डब्ल्यूसीएजी हे निकष शिकावे लागतील. पदवीबरोबर ते होण्यासारखं आहे. आणि हे शिकायला ऑनलाइन कोर्स खुशाल घ्या. अडलं तर त्याचीही ईमेल ती पाठवेलच.

आता टाइप करणारीला दोन शब्द. पाठवलेल्या ईमेल जपून ठेव. प्रत्येकीखाली तारीख, कोणतं पान, काय अडलं आणि उत्तर आलं की नाही हे नोंदव. मुलाखतीत हीच फाइल पुढे ठेवायची आहे. बी.कॉम. करायचंय की संगणकाकडे वळायचंय, हे तू एका ओळीत सांगितलेलं नाहीस. सविस्तर कळव. या वेळी तू सांग आणि बाबांना टाइप करू दे.