मूल भारतीय असलं तरी व्हिसा लग्नावर मिळतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बायको रशियन, लग्न मॉस्कोत नोंदवलेलं, मुलगा दादरला जन्मला आणि त्याच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे. मुलाच्या आधारावर तिला इथे राहता येईल का, की ई-टुरिस्ट व्हिसावरच ये-जा करायची?

मुलाच्या आधारावर, नाही. 'भारतीय मुलाची आई' म्हणून आपोआप राहण्याचा हक्क आपल्या कायद्यात नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ मध्ये भारतीयाशी लग्न झालेल्याला ७ वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येतं, पण मुलामुळे आईबापाला ते मिळण्याची सोय कुठेच नाही. तिचा रस्ता तुमच्यावरून, म्हणजे लग्नावरून जातो. त्या व्हिसाला एक्स-२ म्हणतात, एंट्री व्हिसाचा हा प्रकार भारतीयाच्या जोडीदारासाठी आहे. फाइलमध्ये मुलाचा जन्मदाखला जरूर जोडा, मात्र तो पूरक कागद. मुख्य कागद विवाह प्रमाणपत्रच.

ई-टुरिस्ट व्हिसा नियमाप्रमाणे ना वाढतो, ना बदलून मिळतो. 'इथे आल्यावर बदलून घेऊ' असं सांगणारे एजंट भेटतील, त्यांच्या भरवशावर राहू नका. पुढच्या वेळी ती रशियात असेल तेव्हा तिथल्या भारतीय दूतावासातूनच एक्स-२ घ्यावा, हा मला सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग वाटतो.

विवाह प्रमाणपत्रावर रशियात अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिला जाणारा सरकारी शिक्का, करून घ्या, मग इंग्रजी भाषांतर. क्रम उलटला तर शिक्क्याचा मजकूर भाषांतरात येत नाही आणि तेवढ्यावर फाइल अडू शकते. दोन्ही देश अपोस्टिल करारात असल्याने दूतावासातून वेगळं साक्षांकन लागत नाही.

आता नाव. मुंबईत सर्वात जास्त गाडी इथेच अडते. रशियन पासपोर्टवर वडिलांवरून आलेलं मधलं नाव फक्त सिरिलिक या रशियन लिपीत असतं, रोमन ओळीत ते येत नाही. भाषांतरकार मात्र प्रमाणपत्रावर पूर्ण नाव लिहितो. त्यात प्रसूतिगृहाच्या फॉर्मवर आपले लोक सवयीने आईच्या नावापुढे नवऱ्याचं नाव आणि आपलं आडनाव टाकतात, आणि महापालिकेच्या जन्मदाखल्यावर तेच उतरतं. एकाच बाईची तीन नावं झाली! पासपोर्टवर रोमन लिपीत जे अक्षरशः आहे तेच सगळीकडे हवं. जन्मदाखल्यातली दुरुस्ती वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य विभागात होते, तिला वेळ लागतो, म्हणून ती आधी हाती घ्या. तोवर 'ही सर्व नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र जोडता येतं, पण ती मलमपट्टीच.

१८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आली आणि स्टिकरवर नोंदणीची अट असली, तर आल्यापासून १४ दिवसांत ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या (एफआरआरओ) पोर्टलवर नोंदणी करायची. सगळं ऑनलाइन होतं, बोलावलं तरच सीएसएमटीजवळच्या ऑफिसात जायचं. पासपोर्ट, व्हिसा, विमानतळावरचा शिक्का, फोटो, तुमचा पासपोर्ट, तुमचं हमीपत्र, पत्त्याचा पुरावा आणि सी-फॉर्म एवढं तयार ठेवा. सी-फॉर्म फक्त हॉटेलांसाठी असतो हा गैरसमज आहे. परदेशी व्यक्ती घरी उतरली की यजमानाने तो २४ तासांत भरायचा, घर स्वतःचं असलं तरी.

भाड्याच्या घरात असाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत हवा. तो तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर ११ महिन्यांनी नवा करताना तिचं नाव राहणाऱ्यांमध्ये घाला. पोलीस पडताळणीला घरी येतात तेव्हा वॉचमनला आणि सोसायटीच्या ऑफिसला तिचं नाव माहीत असलेलं बरं. मुदतवाढीचा अर्ज महिनाभर आधीच टाका. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू असलेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यात मुदत ओलांडून राहिल्यास ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ३ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

एक्स-२ वर नोकरी करता येत नाही. म्हणून खरं लक्ष्य ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड ठेवा. लग्न नोंदवून ते सलग २ वर्षं टिकलेलं हवं. अर्ज भारतात केला तर फी १५,००० रुपये, पण टुरिस्ट व्हिसावर असताना तो इथे करता येत नाही आणि आधी इथे ६ महिने सलग वास्तव्य लागतं. त्यासाठीसुद्धा एक्स-२ आधी. ओसीआय मिळाल्यावर एफआरआरओची नोंदणी सुटते, नोकरी करता येते, शेतजमीन विकत घेता येत नाही. तिने नवा पासपोर्ट काढला की दर वेळी तो अपलोड करायचा आणि लग्न अजून टिकून असल्याचं घोषणापत्र द्यायचं.

यातली मेख अशी की जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय घटस्फोट झाल्यावर नागरिकत्व कायद्याच्या कलम ७डी खाली रद्द होऊ शकतं, मूल भारतीय असलं तरी. बीकेसीतल्या कुटुंब न्यायालयाने मुलाचा ताबा आईला दिला तरी व्हिसा ते न्यायालय देत नाही, तो निर्णय गृह मंत्रालयाचा. अशी वेळ आलीच तर हातातला व्हिसा संपण्याआधी ताब्याच्या आदेशासह अर्ज करायचा. संपल्यावर केलेला अर्ज मुदत ओलांडलेल्याचा ठरतो.

मुलाबद्दलही एक काळजी घ्या. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने नागरिक ठरायला एक पालक भारतीय आणि दुसरा त्या दिवशी बेकायदा राहणारा नसावा लागतो. म्हणजे जन्माच्या दिवशी तिचा व्हिसा चालू होता, याची प्रत कायमची जपून ठेवा. आणि त्याच्यासाठी रशियन पासपोर्ट काढायचा विचार असेल तर त्याआधी वकिलाशी बोला. दोन्ही पासपोर्ट ठेवता येत नाहीत. भारतीय परत करावा लागतो आणि मग त्याच्यासाठीच ओसीआय काढावं लागतं.